आमचा अकरावीचा अखेरचा वर्ग

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी, उमरखेड येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही केवळ मॅट्रिक. त्यापुढे शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, एवढीच आमची विद्या. समोर बसलेल्या मुलामुलींचे शेकडा गुण ऐकून आमच्यासारख्याने खाली बसावे हेच योग्य. शिवाय अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत उपदेश करून त्याचा उपयोग कितपत होतो, हे आम्ही चांगले जाणून आहोत. परंतु चिटणीस म्हणाले, "उपदेश नको गुरुजी, आपल्या वर्गाची हकीकत सांगा." त्या हकीकतीत या मंडळाशी संबंध असलेली एक गोष्ट आहे आणि ती आम्ही आजवर कोणापाशी बोललो नाही. म्हणून अखेर होकार दिला.

मॅट्रिक म्हणजे काय, हे आता घरोघर सांगावे लागते. पूर्वी शाळेचे शिक्षण अकरा इयत्तांचे असे आणि अकरावीच्या अखेरीस शालान्त परीक्षा द्यावी लागे. तिचे सरकारी नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी ती मॅट्रिकच. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने देशभर विचारविनिमय करून दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचविला. महाराष्ट्राने तो स्वीकारला आणि १९७२ च्या जून महिन्यात आठवीत बसलेली मुले नव्या पद्धतीने दहावीपर्यंतच शिकणार असे ठरले. आम्ही त्या वेळी नववीत होतो, म्हणजे जुन्या वाटेवरचे शेवटचे वाटसरू. परिणाम असा झाला की १९७५ च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीचा अखेरचा वर्ग व नव्या दहावीचा पहिला वर्ग, असे दोन वर्ग एकाच वर्षी शालान्त परीक्षेस बसले. ज्यांना आम्ही धाकटे म्हणून पाण्याचे तांबे भरावयास लावीत होतो, ते एकाएकी आमच्या बरोबरीचे झाले. कोणाकोणाच्या घरी थोरला अकरावीस व धाकटा दहावीस, आणि कंदील एकच. आमच्या मनात एक निराळीच धास्ती होती. यंदा नापास झालो तर परत जाऊन बसावयास शाळेत अकरावीचा वर्गच उरणार नव्हता. त्या धास्तीने जितका अभ्यास करून घेतला, तितका कोणाही गुरुजींच्या छडीने करून घेतला नसेल.

त्या वेळचे उमरखेड आजच्यासारखे नव्हते. विदर्भाच्या अगदी काठावरचे हे तालुक्याचे गाव. दक्षिणेस पैनगंगा आणि पलीकडे मराठवाडा. १९४८ पर्यंत या नदीच्या पल्याड निजामाचे राज्य होते. आमच्या आजोबांच्या बोलण्यात नदी ओलांडणे म्हणजे मोगलाईत जाणे. परीक्षेचे बोर्ड आमचे नागपूरचे, बाजार मात्र नांदेडचा जवळ. रेल्वे आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच पाहिली. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचे काम आता चालू आहे, तेव्हा आमच्या नातवंडांना ती दाराशी दिसेल अशी आशा आहे. मुळावा, विडूळ, चातारी अशा गावांची मुले आमच्या वर्गात होती. कोणी गावातल्या नातेवाइकांकडे राहत, कोणी चारचौघांत खोली घेऊन हाताने भाकरी थापीत, तर कोणी पायीच येत. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की त्या दिशेची सारी बाके रिकामी दिसत आणि गुरुजी हजेरी घेण्यापूर्वी खिडकीतून आभाळाकडे पाहत.

गुरुजनांविषयी बोलावयाचे तर वेळ पुरणार नाही. आमचे गणिताचे गुरुजी कंपासाशिवाय फळ्यावर वर्तुळ काढीत. ते पुरे होऊन टोकाला टोक मिळेपर्यंत आम्ही श्वास रोखून पाहत असू. इंग्रजीचे गुरुजी स्वभावाने इतके सौम्य होते की त्यांच्या तासाला आमचा गोंधळ चाले आणि मग तेच आम्हांला रागावल्याबद्दल वाईट वाटून घेत. आज आम्हांस जे थोडे इंग्रजी येते ते त्यांचे, आणि जे येत नाही ते आमच्या गोंधळाचे.

एक विनोद त्या वेळी आमच्या वर्गात फार चाले. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून राज्याचे मुख्यमंत्री होते. आमच्या परीक्षेच्या तोंडावर, १९७५ च्या फेब्रुवारीत, ते पायउतार झाले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. पुसदहून नांदेडकडे जाणाऱ्या वाटेवर मध्ये उमरखेड लागते. आमच्यातला एक वात्रट म्हणाला, "मुख्यमंत्रिपद आपल्या स्टँडवरून गेले, पण थांबा नव्हता." परीक्षेची भीती तेवढा एक दिवस कमी झाली.

त्याच महिन्यात निरोपसमारंभ झाला आणि छायाचित्र काढण्यात आले. खुर्च्यांवर गुरुजन, मागे दोन रांगा आमच्या. त्या छायाचित्रात विद्यार्थी एकूण एकोणीस आहेत. सतरा मुलगे व दोन मुली. आठवीत आम्ही चव्वेचाळीस होतो आणि मुली पाच. मधल्या तीन वर्षांत पंचवीस जण गेले, परंतु कोणी कधी गेले हे आम्हांस त्या वेळी जाणवले नाही. बाक मोकळे झाले की आम्ही ऐसपैस बसत असू, इतकेच.

१९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात त्याने अधिक हाहाकार केला हे खरे, पण आमच्या काठावरही ज्वारी हाती लागली नाही. सरकारी दुकानात परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापताना आई पुटपुटे ते शब्द या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाहीत. दुष्काळी कामे निघाली. रस्त्याच्या कडेला माणसे खडी फोडू लागली, आणि मजुरांना सुकडी वाटली जाई. आमच्या घरी वडिलांची लहानशी का होईना नोकरी होती, म्हणून आमची शाळा चालू राहिली. त्यात आमचे कर्तृत्व काही नाही.

आमच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतला एक मुलगा होता. त्याचे नाव आम्ही घेत नाही, कारण त्याने तसे बजावले आहे. पाचवीपासून पहिला नंबर त्याचा आणि दुसरा आमचा. हा क्रम इतका ठरलेला होता की निकालाच्या दिवशी आमच्या घरी कोणी विचारीतही नसे. पुस्तके विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती. आठवीची परीक्षा संपल्यावर एका थोरल्या विद्यार्थ्याकडून भूमितीची पुढील इयत्तांची पुस्तके मागून आणून त्याने उन्हाळ्याच्या सुटीत ती आकृत्यांसह वहीत उतरवून काढली. अक्षर छापल्यासारखे. नववीच्या सहामाहीत तो पहिला आला. त्यानंतर वडिलांनी अंथरूण धरले, आणि १९७३ च्या जानेवारीत तो आईबरोबर खडीच्या कामावर गेला. वार्षिक परीक्षेस तो बसला नाही.

आपले मंडळ त्या काळी दरवर्षी नववीतून दहावीत जाणाऱ्या एका विद्यार्थ्यास पुस्तकांसाठी साहाय्य देत असे. नियम असा की, अर्जदार वार्षिक परीक्षेस बसलेला असावा व ज्ञातीच्या मुलांत त्याचा क्रमांक पहिला असावा. पहिला क्रमांक त्या वर्षी आपोआपच आमच्याकडे आला. संमेलनात आमचे नाव पुकारले गेले, टाळ्या झाल्या आणि ब्राऊन कागदात बांधलेली पुस्तके घेऊन आम्ही घरी आलो. नियमाप्रमाणे सारे यथास्थित झाले. मंडळाचा त्यात दोष होता असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा. हाताला खडीच्या चिरा पडलेल्या. भूमितीची वही पुढे करून म्हणाला, "पुस्तकं तुला भेटलीच आहेत. ही पण ठेव, माझ्याजवळ पडून राहील." आम्ही ती घेतली. बस म्हणालो नाही. पंधरा वर्षांच्या मुलास काय कळते, असे आम्ही पुढे अनेकदा स्वतःस समजावले. परंतु कळत होते. पहिला नंबर मिळाला याचा आनंद आम्हांस झाला होता, आणि तो त्याला दिसू नये एवढ्याचसाठी आम्ही दारात आडवे उभे राहिलो होतो.

मॅट्रिकला भूमितीत आम्हांस जे गुण मिळाले, ते त्या वहीचे. १९७५ च्या जूनमध्ये निकाल लागला. नागपूरचे वृत्तपत्र एस.टी.ने येई, त्यात बैठकक्रमांक पाहावयास स्टँडवर झुंबड उडाली. त्याच महिन्यात देशात आणीबाणी जाहीर झाली, पण आमच्या घरी पेढ्यांचीच चर्चा होती. त्या काळी मॅट्रिकवर शिक्षकाच्या प्रशिक्षणास प्रवेश मिळे. आम्ही तिकडे गेलो, नोकरी लागली आणि २०१६ साली सेवानिवृत्त झालो. त्या नोकरीविषयी एकच गोष्ट येथे सांगतो. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. त्यात शाळा सोडल्याचे कारण लिहावयाचा एक रकाना असतो. आम्ही त्या रकान्यात "सतत गैरहजर" हे दोन शब्द किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचा मुलगा, सतत गैरहजर. लहान भावंड सांभाळणारी मुलगी, सतत गैरहजर. लिहिणे सोपे जाते, कारण ते खोटे नसते.

आता अलीकडची गोष्ट. २०२५ साली आमच्या मॅट्रिकला पन्नास वर्षे झाली, म्हणून स्नेहमेळावा भरविण्याचे ठरले. कोणा मित्राच्या नातवाने भ्रमणध्वनीवर गट तयार करून दिला, आणि पुण्यापासून नागपूरपर्यंत पांगलेली मंडळी त्यावर सकाळ-संध्याकाळ सुविचार पाठवू लागली. आम्ही निवृत्त व गावातच राहणारे, म्हणून नावांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही निरोपसमारंभाचे छायाचित्र पुढे ठेवून यादी केली. एकोणीस नावे. त्यांपैकी पाच कालवश झालेली. उरलेल्या चौदांना पत्रे व दूरध्वनी केले, आणि अकरा जण आले. फेटे बांधले, गुरुजनांच्या तसबिरींना हार घातले, जेवणात पुरणपोळी होती. सारे यथासांग चालले असता आमच्या वर्गातल्या दोघींपैकी एक, आता चार नातवंडांची आजी, तिने भर सभेत विचारले, "गुरुजी, आपला पहिला नंबर कुठाय?" तो छायाचित्रात नव्हता म्हणून यादीत नव्हता, असे उत्तर आम्ही दिले. ती काही बोलली नाही. आपल्या ताटाकडे पाहत बसली. तिच्याबरोबरच्या तीन मुलीही त्या छायाचित्रात नाहीत, हे आमच्या ध्यानात मागाहून आले.

त्या रात्री झोप येईना. उठून जुने हिशेब मनाशी मांडू लागलो, आणि अडुसष्टाव्या वर्षी आम्हांस एक साधे गणित सुटले. ते विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावे. १९७३ च्या जूनमध्ये तो शाळेत चौकशीला आला होता. वार्षिक परीक्षा चुकल्यामुळे नववी पुन्हा करावी लागेल असे त्याला कळले, आणि वर्ष वाया जाणार म्हणून तो परत गेला. परंतु त्या जूनपासून नववीत नव्या पद्धतीचा वर्ग बसत होता. तो त्या नववीत बसला असता तर १९७४ च्या जूनमध्ये दहावीत गेला असता आणि १९७५ च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेस बसला असता. म्हणजे आमच्याबरोबरच, त्याच महिन्यात. त्याचे एकही वर्ष वाया जाणार नव्हते. हे त्याला कोणी सांगितले नाही. नवी पद्धत सर्वांनाच नवी होती हे मान्य. पण आम्ही त्याच शाळेत रोज जात होतो, धाकटे वर्ग आमच्या बरोबरीने परीक्षेस बसणार याचा विनोद करीत होतो, आणि तरीही ही गोष्ट आमच्या ध्यानी आली नाही. ध्यानी यावी अशी इच्छा आम्हांस त्या वेळी होती काय, हा प्रश्न आम्ही त्या रात्री स्वतःस विचारला. उत्तर येथे देत नाही.

आठवड्याने ती वही पिशवीत घालून आम्ही त्याच्या गावी गेलो. पैनगंगेच्या अलीकडे त्याची थोडी शेती आहे. ओसरीवर बसून कोणाच्या तरी शेततळ्याचा हिशेब करीत होता. "ये मास्तर, बस," एवढेच म्हणाला; जणू आम्ही दर आठवड्यास येत होतो. चहा झाला. खडीच्या कामाच्या गोष्टी निघाल्या. खडीची मजुरी ब्रासवर मिळे, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ढिगाचा माथा अरुंद आणि पाया रुंद असतो. मोजणारा माथ्याचीच रुंदी धरी, त्यामुळे ढीग कमी भरे. या नववीतल्या पोराने मुकादमास दाखवून दिले की, माथा व पाया यांची सरासरी घेऊन तिला लांबी-उंचीने गुणावे लागते. मुकादम भला होता. त्याने टेप याच्याच हातात दिली. त्या हंगामात बायांच्या पदरी ब्रासमागे किती जास्त पडले, तो आकडा त्याला अजून तोंडपाठ आहे. पुढे गावात बांध मोजावयाचा, विहिरीची माती काढावयाची, की लोक याच्याकडे येत. अद्यापही येतात.

मग आम्ही मनाचा हिय्या करून त्याला ते नववीचे गणित सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुले आज समजलं का रे? मी तर त्याच साली मोजलं होतं. पेपरात दोन्ही वर्गांचे नंबर संगंच आले, तवाच."

आमच्याने काही बोलवेना. आम्ही वही काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने पाने चाळली, एका आकृतीवर बोट ठेवून थोडा वेळ पाहत राहिला आणि वही मिटून परत आमच्या पिशवीत घातली. निघताना त्याने विचारले, "त्या साली मंडळानं तुले पुस्तकं किती रुपयांची देल्ली होती?" आम्ही म्हणालो, अडतीस रुपयांची. तेव्हा तो मोठ्याने हसला. म्हणाला, "मले वाटे शंभराची तरी असतील."

अध्यक्षमहाराज, आता मंडळापुढे आमची विनंती ठेवतो आणि आपली रजा घेतो. पुस्तक-साहाय्याच्या नियमांत वार्षिक परीक्षेस बसण्याची अट अद्याप आहे. आम्ही नियमावली पाहून आलो आहोत. ती अट काढून टाकावी, असा लेखी अर्ज आम्ही आज चिटणीसांकडे दिला आहे. दुसरे असे की, आज दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यास पुरवणी परीक्षा देऊन वर्ष वाचविता येते, आणि ज्याची शाळा सुटली त्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेस बसता येते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे आकृतिबंध पुन्हा बदलत आहे, तेव्हा अशा वाटा आणखी निघतील व काही बंदही होतील. ज्यांस त्यांचे काम असते त्यांस त्या ठाऊक नसतात. तालुक्यातील आपल्या ज्ञातीच्या ज्या मुलामुलींची शाळा मध्येच सुटली, त्यांच्या घरी जाऊन हे सांगणारा एक माणूस मंडळाने नेमावा. मानधनाची आवश्यकता नाही. आम्ही आमचे नाव अर्जाच्या खाली लिहिले आहे, आणि जूनपूर्वी पहिली फेरी चातारीच्या बाजूस करण्याचा विचार आहे. तिकडची नावे ज्यांना ठाऊक असतील त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस भेटावे.

भूमितीची वही येथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी, मात्र हात स्वच्छ असावेत.